रिपोर्टमधल्या तीन ओळींमागचा माणूस

ओपीडीत रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवताना आजी-आजोबांसोबत आलेल्या मुलाची किंवा सुनेची नजर बहुधा तीन ओळींवर असते. साखर किती, कोलेस्टेरॉल किती आणि क्रिएटिनिन किती. त्या आकड्यांपुढे चांदणीची खूण नसली की सगळ्यांना हायसं वाटतं. या तिन्ही ओळींचं मूळ एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत सापडतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीतली साखर नेमकी कोणती, हे त्यांनी ओळखलं. कोलेस्टेरॉलचं नामकरण त्यांनी केलं. आणि ज्या पदार्थापासून क्रिएटिनिन तयार होतं तो क्रिएटिन नावाचा पदार्थ मांसाच्या रश्श्यातून त्यांनीच पहिल्यांदा वेगळा काढला. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्हणजे मिशेल यूजीन शेव्रल. ते स्वतः १०२ वर्षं जगले आणि अगदी अखेरपर्यंत कामात राहिले. म्हातारपणी अंगात ताकद किती उरते आणि ती रक्तातून कळते का, हा आजचा विषय. त्यासाठी शेव्रल यांच्या आयुष्याइतकी चांगली वाट दुसरी नाही.

३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधल्या आंजे या गावी मिशेलचा जन्म झाला. वडील शल्यचिकित्सक होते आणि गावातल्या वैद्यकीय विद्यालयात शिकवत. आई-वडील दोघंही पुढे नव्वदीपार जगले, म्हणजे दीर्घायुष्याचं भांडवल घरातूनच मिळालेलं होतं. मिशेल तीन वर्षांचा होण्याआधीच फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्याचं बालपण यादवीच्या आणि गिलोटिनच्या छायेत गेलं. शाळा कधी चालू, कधी बंद, अशा दिवसांत त्याचं शिक्षण घरी आणि गावातल्या नव्या विद्यालयात झालं. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवण्याऐवजी तो रसायनशास्त्राकडे ओढला गेला. सतराव्या वर्षी, १८०३ मध्ये, त्यानं पॅरिस गाठलं आणि तिथे व्होकलाँ या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम शिकायला सुरुवात केली. तिथून त्याचा संबंध पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाशी आला आणि तो आयुष्यभर टिकला.

शेव्रल यांचं पहिलं मोठं काम चरबीवरचं. त्या काळी साबण सगळेच वापरत, पण साबण होतो म्हणजे नेमकं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. चरबी आणि अल्कली एकत्र आली की ती एकमेकांना चिकटतात, एवढीच समजूत होती. १८११ च्या सुमारास शेव्रल यांनी साबणाचं पृथक्करण हाती घेतलं. साबणाच्या पाण्यात आम्ल घातल्यावर मोत्यासारखे चमकणारे स्फटिक वेगळे झाले. चरबी हा एकसंध पदार्थ नसून तो फॅटी ॲसिड आणि ग्लिसरीन यांचा बनलेला असतो आणि साबण करताना त्याचे हे दोन भाग सुटे होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढची बारा वर्षं हाच अभ्यास चालला. डुकराची चरबी, गाईची चरबी, लोणी, असा एकेक पदार्थ तपासत १८२३ मध्ये त्यांनी प्राणिज चरबीवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टिअरिक, ओलेइक, ब्युटिरिक ही आजही खाद्यतेलांच्या चर्चेत येणारी नावं त्याच कामातून रूढ झाली.

याच काळात वैद्यकाच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये एक पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडतो, हे आधीच्या पिढीतल्या वैद्यांना माहीत होतं. त्याचा साबण होत नाही, म्हणजे तो नेहमीच्या चरबीपेक्षा वेगळा आहे, हे शेव्रल यांनी सिद्ध केलं. पित्त आणि घन या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी त्याला कोलेस्टेरीन असं नाव दिलं. पुढे त्याचंच कोलेस्टेरॉल झालं. दुसरी गोष्ट १८१५ मधली. मधुमेही माणसाच्या लघवीतली साखर म्हणजे द्राक्षात असते तीच साखर, हे त्यांनी स्फटिक काढून दाखवलं. आज ग्लुकोज म्हणून आपण जिचा धसका घेतो, ती हीच. कोलेस्टेरॉलचा हृदयाशी किंवा द्राक्षशर्करेचा स्वादुपिंडाशी काय संबंध, हे कळायला अजून खूप अवकाश होता. पण एखाद्या पदार्थाची शुद्ध ओळख पटल्याशिवाय पुढचं काहीच मोजता येत नाही, आणि हे ओळख पटवण्याचं काम शेव्रल करत होते.

या संशोधनाचा व्यवहारात उपयोगही झाला. तेव्हाच्या चरबीच्या मेणबत्त्या धूर ओकत आणि त्यांना घाण वास येई. शुद्ध स्टिअरिक आम्लाची मेणबत्ती स्वच्छ जळते, हे ओळखून शेव्रल आणि गे-ल्युसॅक यांनी १८२५ मध्ये पेटंट घेतलं. त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही. तो पुढे कारखानदारांनी कमावला. युरोपातल्या घरांमध्ये मात्र रात्रीचा उजेड सुधारला.

१८२४ मध्ये शेव्रल यांची नेमणूक पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून झाली. तिथे एक तक्रार त्यांची वाट पाहत होती. काळा रंग फिका पडतो, अशी ती तक्रार. त्यांनी इतर कारखान्यांतला काळा धागा मागवून तपासला, तेव्हा आपल्याकडचा रंग कुठेही कमी नाही असं दिसलं. दोष रंगात नव्हता, शेजारात होता. निळ्या किंवा जांभळ्या धाग्यालगत विणलेला काळा धागा डोळ्याला फिका भासत होता. एकाच साडीच्या दोन वेगळ्या काठांपाशी पोताचा रंग वेगवेगळा भासतो, तसंच हे. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचं रूप बदलतात, हा नियम त्यांनी अनेक वर्षं प्रयोग करून पक्का केला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी तो वाचला. ठिपक्यांनी चित्र रंगवणारा सरा हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

वस्तू एकटी पाहून फसगत होते, ती कशाच्या शेजारी आहे हे पाहावं लागतं. शेव्रल यांचा हा धडा रक्ताच्या रिपोर्टलाही लागू पडतो. त्याकडे आपण येऊच. आधी रश्श्याची गोष्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रुग्णांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप दिलं जाई. हाडं स्वस्त, सूप भरपूर. पण त्यातून खरंच पोषण होतं का, यावर विद्वानांमध्ये मोठा वाद होता. या वादाच्या काळात शेव्रल यांनी मांसाच्या रश्श्यात नेमकं काय काय उतरतं याचा शोध सुरू केला. १८३२ मध्ये त्यांना रश्श्यातून एक नवा, नायट्रोजन असलेला, पांढरा स्फटिकरूप पदार्थ मिळाला. मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला क्रिएटिन म्हटलं.

नाव तर दिलं, पण इतरांना हा पदार्थ सहज मिळेना. बर्झेलियससारख्या कसलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातीही तो लागला नाही. त्यामुळे क्रिएटिन हा मांसाचा नेहमीचा घटक आहे की योगायोगानं सापडलेली वस्तू, अशी शंका राहिली. ती फेडली जर्मनीतल्या युस्टुस फॉन लिबिग यांनी. १८४७ मध्ये त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या मांसातून क्रिएटिन काढून दाखवलं. शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या रानटी कोल्ह्याच्या मांसात ते पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्याच्या मांसापेक्षा सुमारे दहापट आढळलं. क्रिएटिनचं नातं नुसत्या मांसाशी नाही, स्नायूंच्या कामाशी आहे, असं पहिल्यांदाच सुचलं. आम्लाच्या संगतीत क्रिएटिनमधून पाणी निघून गेलं की जो दुसरा पदार्थ उरतो, त्याला क्रिएटिनिन हे नावही लिबिग यांनीच दिलं.

स्नायूत क्रिएटिन काय करतं, हे कळायला आणखी ८० वर्षं लागली. १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फॉस्फोक्रिएटिनचा शोध लावला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या संशोधकांनाही ते सापडलं. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्नायूची वरखर्चाची पुरचुंडी. झटकन उठायचं, जिना चढायचा, तोल जाताना पाय टेकवायचा, अशा पहिल्या काही सेकंदांसाठी लागणारी ऊर्जा स्नायू तिथून काढतो.

आपल्या शरीरातलं सुमारे ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये असतं. ७० किलोच्या माणसात ते साधारण १२० ग्रॅम भरतं. त्यातला एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. एक, स्नायूंकडून येणारी आवक. दोन, मूत्रपिंडांकडून होणारी जावक. आपण मात्र वर्षानुवर्षं फक्त जावकीकडे पाहत आलो. क्रिएटिनिन वाढलं की किडनी बिघडली, नाही वाढलं की किडनी उत्तम. तरुण, धडधाकट माणसात हे गणित बहुधा चालून जातं. म्हातारपणात ते फसतं.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. ७० किलो वजनाचा ३० वर्षांचा तरुण आणि ३८ किलो वजनाची ८० वर्षांची आजी. दोघांचंही क्रिएटिनिन ०.९, म्हणजे रिपोर्टवर अगदी नॉर्मल. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिलेलं सूत्र वय, वजन आणि स्त्री-पुरुष फरक लक्षात घेतं. त्या सूत्रानं तरुणाची मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे ११९ मिलिलीटर रक्तद्रव स्वच्छ करतात, तर आजींची जेमतेम ३०. आकडा तोच, पण आजींच्या मूत्रपिंडाची क्षमता चौथ्या हिश्श्यावर आलेली. जावक मंदावली होती, पण आवकही आटली होती. स्नायूच उरले नव्हते, तर क्रिएटिनिन येणार कुठून? काळा धागा पुन्हा एकदा शेजारामुळे वेगळा दिसला.

हा फरक कागदावरच राहत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, काही प्रतिजैविकं, सांधेदुखीच्या गोळ्या, यांचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणून पूर्ण डोस दिला, तर कृश आजींच्या अंगात औषध साठत जातं. मग मळमळ, गुंगी, भ्रम, तोल जाणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात काम करताना हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून बारीक अंगाच्या वृद्ध माणसाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाचताना आम्हा डॉक्टरांनाही आधी त्यांच्या दंडाकडे आणि पोटरीकडे पाहावं लागतं.

शेव्रल यांच्याकडे परत जाऊ. क्रिएटिन सापडलं तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. अजून निम्म्याहून अधिक आयुष्य बाकी होतं. १८२६ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले होते, १८३० मध्ये संग्रहालयात गुरू व्होकलाँ यांच्या जागी प्राध्यापक झाले, आणि १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्यांना मिळालं. मानसन्मान येत गेले, दिनक्रम बदलला नाही. खाणंपिणं साधं. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या आंजू प्रांतातले असूनही ते वाइन घेत नसत, पाणी पीत. तिथल्या वाइन मंडळाचं मानद अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे होतं आणि त्यावर ते स्वतःच विनोद करत.

त्यांचं एक काम आजच्या आरोग्यविषयक जाहिरातींच्या काळात आवर्जून आठवावं असं आहे. दोऱ्याला कडी बांधून ती पाऱ्यावर धरली की आपोआप झोके घेते, अशी एक समजूत तेव्हा होती. शेव्रल यांनी तो प्रयोग स्वतः केला आणि कडी खरोखरच हलली. पण ते तिथे थांबले नाहीत. हाताला दिलेला टेकू हळूहळू बोटांकडे नेला, तसे झोके कमी होत गेले. मग त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली. कडी थांबली. म्हणजे झोका पाऱ्यामुळे येत नव्हता. आपल्याला पत्ताही न लागता आपल्याच हाताचे स्नायू कडीला हलवत होते. हे निष्कर्ष त्यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे टेबलं फिरवून आत्म्यांशी बोलण्याचं खूळ युरोपभर पसरलं, तेव्हा १८५४ मध्ये त्यांनी त्यावर आणि जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या काठीवर पुस्तकच लिहिलं. आपल्याकडच्या पाणाड्यांच्या हातातली काठी का वळते, याचंही उत्तर त्यात आहे. फसवणारा माणूस लबाडच असेल असं नाही, तो प्रामाणिकपणे स्वतःचीच फसवणूक करत असू शकतो, हे शेव्रल यांचं म्हणणं. त्यावर उपाय एकच, डोळे बांधून पुन्हा तपासा.

१८६२ मध्ये त्यांच्या पत्नीचं निधन झालं. त्यानंतर त्यांनी संग्रहालयाचं संचालकपद सांभाळलं. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. जानेवारी १८७१ मध्ये तोफगोळे संग्रहालयाच्या बागेत आणि काचगृहांवर पडले. शेव्रल शहर सोडून गेले नाहीत. ज्ञानाच्या या जागेवर हल्ला झाल्याची नोंद इतिहासात राहावी, म्हणून त्यांनी अकादमीपुढे लेखी निषेध मांडला. १८७९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांनी संचालकपद सोडलं, पण प्राध्यापकपद ठेवलं. स्वतःला ते फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत वडील विद्यार्थी म्हणवून घेत.

१८८६ मध्ये त्यांची शंभरी देशानं साजरी केली. त्यांच्या नावाचं पदक काढण्यात आलं. प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि ती चालू असताना नादार यांच्या मुलानं छायाचित्रं टिपली. छायाचित्रांसह छापलेली ही पहिली मुलाखत मानली जाते. त्या चित्रांमध्ये पांढऱ्याशुभ्र केसांचे शेव्रल हात हलवून काहीतरी समजावून सांगताना दिसतात.

नेमक्या त्याच वर्षी कोनिग्सबर्गमध्ये माक्स याफे या संशोधकाला दिसलं, की पिक्रिक आम्ल आणि अल्कली घातल्यावर क्रिएटिनिन नारिंगी-लाल रंग देतं. १९०४ मध्ये ऑटो फोलिन यांनी त्या रंगाच्या गडदपणावरून क्रिएटिनिन मोजण्याची रीत बसवली. आज कितीतरी प्रयोगशाळांमध्ये क्रिएटिनिन याच रंगावरून मोजलं जातं. ज्या माणसानं क्रिएटिन शोधलं आणि आयुष्यभर रंग मोजले, त्याच्याच शंभराव्या वर्षी ही दोन्ही कामं एका परीक्षानळीत एकत्र आली.

शंभरीनंतरही शेव्रल अकादमीच्या बैठकींना जात राहिले. १८८९ च्या वसंतात त्यांचा एकुलता एक मुलगा वारला आणि थोड्याच दिवसांत, ९ एप्रिलला, तेही गेले. अंत्यविधी नोत्र-दाममध्ये सरकारी इतमामात झाला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या नावांत त्यांचंही नाव आहे.

बरोबर १०० वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला सार्कोपेनिया हे नाव सुचवलेलं छापून आलं. हेही नाव ग्रीकच, मांसाची टंचाई या अर्थाचं. तोपर्यंत या गोष्टीला आजार म्हणून नावच नव्हतं. वय झालं की अंग उतरायचंच, असं डॉक्टरही म्हणत. आता आपल्याला कळलं आहे, की पन्नाशीनंतर स्नायू घटू लागतात आणि ताकद त्याहून वेगानं उतरते. ज्यांची ताकद फार उतरते ते अधिक पडतात, त्यांची हाडं मोडतात, आणि आजारातून उठायला त्यांना जास्त वेळ लागतो.

मग रक्ताच्या तपासणीतून हे कळतं का? काही अंशी. सिस्टॅटिन सी नावाचं एक छोटं प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे त्याच्या पातळीवर स्नायूंचा प्रभाव कमी असतो. मूत्रपिंडं तेही गाळतात. म्हणून क्रिएटिनिनला सिस्टॅटिन सीनं भागून शंभरानं गुणलं, तर जावक साधारण वजा होते आणि आवकीचा, म्हणजे स्नायूंचा, अंदाज येतो. याला सार्कोपेनिया इंडेक्स म्हणतात. आकडा जितका कमी, तितके स्नायू कमी असण्याची शक्यता अधिक. पण थायरॉइडचे विकार, स्टेरॉइडची औषधं, लठ्ठपणा आणि शरीरातला दाह यांनी सिस्टॅटिन बदलतं. आदल्या रात्री मटणाचा रस्सा ओरपला असेल तर क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं, कारण शिजताना मांसातलं काही क्रिएटिन क्रिएटिनिन होऊनच ताटात येतं. हे तर शेव्रल यांच्या पातेल्यातलंच रसायन. दुसरी एक पद्धत संशोधनात वापरली जाते. जड हायड्रोजननं खूण केलेलं क्रिएटिन गिळायला देऊन नंतर लघवी तपासतात आणि अंगात एकूण स्नायू किती, हे काढतात. वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात या मापाचा चालण्याच्या वेगाशी, पडण्याशी आणि मृत्यूच्या धोक्याशी चांगला संबंध दिसला. नेहमीच्या प्रयोगशाळेत मात्र ती होत नाही.

बाकी नावांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. सीपीके स्नायूला इजा झाली की वाढतं, स्नायू किती आहेत हे ते सांगत नाही. अल्ब्युमिन कमी असण्यामागे बहुधा आजारपण, यकृत किंवा मूत्रपिंड असतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण ते ताकदीचं माप नव्हे. मायोस्टॅटिन, जीडीएफ-१५, ॲग्रिनचा तुकडा यांवर संशोधन सुरू आहे. यांतली एकही तपासणी एकटी सार्कोपेनियाचं निदान करू शकत नाही. त्यामुळे स्नायूंच्या नावानं महागडं पॅकेज घेण्याआधी शेव्रल यांच्या डोळ्यांवरची पट्टी आठवावी.

ताकद मोजायची तर ताकदच मोजावी. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये दिलेल्या निकषांनुसार हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती कमी समजतात. त्यासाठी पकड मोजण्याचं साधं यंत्र लागतं. घरी करण्यासारखी चाचणी याहून सोपी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि हातांचा आधार न घेता सलग पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर डॉक्टरांना दाखवा. तोल जाणाऱ्यांनी ही चाचणी करताना शेजारी कुणाला तरी उभं करावं. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडं करा. पोटरी कड्यात सैल बसत असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी.

आणि यावर इलाज आहे. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीचपटीहून अधिक झाली. नव्वदीतलाही स्नायू सांगितलेलं ऐकतो, हे त्या दिवसापासून नाकारता येत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनाचा किंवा रबरी पट्ट्याचा व्यायाम, आणि वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं, असा साधा हिशेब आहे. डाळी, दूध-दही, अंडी, मासे, शेंगदाणे यांतून तो जमतो. सकाळी चहा-बिस्किटं आणि रात्री नुसता मऊ भात, या जेवणातून मात्र जमत नाही. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शेव्रल १०२ वर्षं कशामुळे जगले, हे कुणी सांगू शकत नाही. आई-वडिलांचा वारसा होता, खाणं बेताचं होतं, काम कधी थांबलं नाही. यातल्या कशाला किती श्रेय द्यायचं, हे एका माणसाच्या आयुष्यावरून ठरवणं त्यांनाच पटलं नसतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते इतकंच, की दिसणाऱ्या आकड्याचा शेजार तपासावा. पुढच्या वेळी आईचा किंवा बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर कागद घडी करण्यापूर्वी एकदा त्यांना खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा आणि घड्याळ पाहा. मग कागद आणि तो वेळ, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे या.